मदत हवी आहे: टेक्सासमध्ये नोकरी गेल्यावर आरोग्य विमा कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या दिरांची नोकरी गेली आणि कंपनीचा विमा या महिनाअखेरीस संपतोय. जाऊबाईंना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. त्यामुळे मध्ये एक दिवसही खंड पडायला नको.

कोब्रा (नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवण्याची कायदेशीर सोय) घेतला तर तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के शुल्क. पगार नसताना हे झेपणार कसं? दुसरा मार्ग मार्केटप्लेसचा, म्हणजे स्वतः विमा विकत घेण्याच्या सरकारी व्यवस्थेचा. २०१० च्या ओबामाकेअर कायद्यामुळे आधीच्या आजारावरून विमा नाकारता येत नाही, हा मोठाच आधार आहे. नोंदणीला विमा संपल्यापासून ६० दिवस मिळतात. तरी उशीर नको, कारण तो विमा मागील तारखेपासून लागू होत नाही.

खरी अडचण उत्पन्नाच्या अंदाजाची आहे, कारण मार्केटप्लेसच्या हप्त्यावर मिळणारी सरकारी सबसिडी वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावरून ठरते. आकडा कमी पडून दारिद्र्यरेषेखाली गेला तर सबसिडी नाही, आणि टेक्सासने मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) व्याप्ती वाढवलेली नसल्याने तिथेही दार बंद. जास्त सबसिडी घेतली तर टॅक्स भरताना परत करायची.

हे कोणी केलंय का? बेकारी भत्ता उत्पन्नात धरतात एवढं कळलं, पण पुढची नोकरी कधी लागेल हे माहीत नसताना तुम्ही आकडा कसा ठरवलात? पुरावा म्हणून कोणती कागदपत्रं मागितली? आणि नोंदणीसाठी मोफत मदत करणाऱ्या नॅव्हिगेटरचा अनुभव कसा होता? कृपया लवकर सांगा, दोघंही फार काळजीत आहेत.