बादलीभर पाण्यात मूठभर मृत समुद्राचे मीठ: गुण येतो का?

प्रश्न
माझी आई ६४ वर्षांची आहे. हिवाळ्यात तिच्या पोटऱ्यांची त्वचा इतकी कोरडी पडते की नख ओढले तरी पांढरी रेघ उमटते. बहिणीने तिला मृत समुद्राच्या मिठाची अर्ध्या किलोची बरणी भेट दिली असून, तिच्यावर ‘टबमधील पाण्यात मिसळावे’ एवढीच सूचना आहे. आमच्याकडे टब नाही. वीस लिटरची बादली आणि तांब्या आहे. आई रोज एक मूठ मीठ बादलीत टाकते आणि बरे वाटते म्हणते, परंतु तेव्हापासून साबणाला फेस येत नाही अशी तिची तक्रार आहे. या मिठाचा खरोखर उपयोग होतो का?

प्रतिसाद १
आधी फेसाचे सांगतो. साध्या समुद्राच्या मिठात बहुतांश सोडियम क्लोराइड असते, तर मृत समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचे प्राबल्य असते. मॅग्नेशियममुळे साबणाला फेस येत नाही. शाळेत अशा पाण्याला आपण दुष्फेन पाणी म्हणत होतो, तेच आपल्या आई रोज स्वतःच्या हाताने तयार करत आहेत. बादलीच्या कडेला पांढुरका, चिकट साका दिसत असेल, तर तो मॅग्नेशियम आणि साबण यांच्या संयोगाचा आहे. आंघोळ आधी साध्या पाण्याने साबण लावून उरकावी आणि मिठाचे पाणी नंतर वापरावे.

आता गुणाविषयी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, कोरड्या, अ‍ॅटोपिक (म्हणजे जन्मजात संवेदनशील, इसबाकडे झुकणाऱ्या) त्वचेच्या लोकांनी एक हात या मिठाच्या ५ टक्के द्रावणात आणि दुसरा साध्या नळाच्या पाण्यात १५ मिनिटे बुडवून ठेवला होता. मिठाच्या बाजूची त्वचा अधिक ओलसर राहिली आणि तिचा खरखरीतपणा कमी झाला. मात्र मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम मीठ वीस लिटर पाण्यात टाकले, तर द्रावण जेमतेम पाव टक्क्याचे होते, शिवाय तांब्याने ओतलेले पाणी अंगावर थांबतच नाही. संपूर्ण बादली ५ टक्क्यांची करायची तर किलोभर मीठ लागेल, आणि बरणी तर अर्ध्या किलोचीच आहे! तीच मूठ एक लिटर कोमट पाण्यात विरघळवून सुती पंचा भिजवून पोटऱ्यांवर १५ मिनिटे ठेवून पाहावा. अभ्यासात पट्टी नव्हती, हात बुडवले होते, तेव्हा फरक तितकाच पडेल असे मी म्हणणार नाही. नंतर साध्या पाण्याने धुऊन, त्वचा ओलसर असतानाच व्हॅसलीन लावावे. भेगा असतील तर मात्र चांगलेच झोंबते.

प्रतिसाद २
सोरायसिसचे (त्वचेवर लालसर, खवलेदार चट्टे उठणाऱ्या विकाराचे) रुग्ण मृत समुद्राकाठी बरे होतात असे वाचून पुष्कळ जण अशी बरणी घेतात. तो किनारा समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून अधिक खाली असल्यामुळे सूर्याचे किरण हवेच्या जास्त जाड थरातून गाळून येतात, त्यामुळे त्वचा सहज भाजत नाही. रुग्ण तिथे काही आठवडे राहून ठरावीक वेळ ऊन घेतात, म्हणजेच पाण्याइतकाच वाटा उन्हाचाही असतो. तो भाग बरणीतून मिळत नाही.

प्रतिसाद ३
आमची द्राक्षबाग आहे. पाने पिवळी पडू लागली की आम्ही मॅग्नेशियम सल्फेट देतो, आणि एप्सम सॉल्ट म्हणून स्नानासाठी विकतात तेही तेच रसायन. त्यामुळे शेजारची मंडळी आमच्या गोणीतले ओंजळभर मागायला येतात. मी देत नाही, कारण खताच्या दर्जाच्या मालाची शुद्धता अंगाला लावण्याच्या हिशेबाने तपासलेली नसते. आईंना मधुमेह असेल, तर पट्टीचे पाणी दुसऱ्या कोणीतरी हात घालून पाहावे. पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. मधुमेह नाही. बादलीच्या कडेला साका होता, तो आज घासून काढला. बरणीत आता तीनच मुठी उरल्या आहेत. त्या डाव्या पायावर वापरून पाहतो, उजव्या पायाला नुसतेच व्हॅसलीन लावतो. आईला ही वाटणी पसंत नाही, पण तयार झाली आहे.