मट लँगने डेफ लेपर्डला घडवलं की त्यांचा हात पुसून टाकला?

काळी पाच:
रॉबर्ट जॉन लँग, म्हणजे 'मट' लँग, या रेकॉर्ड-निर्मात्यावर इथे कधी नीट बोलणं झालं नाही. जन्म १९४८, तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात (आजचा झांबिया). वाढला दक्षिण आफ्रिकेत, नाव काढलं इंग्लंडमध्ये. एसी/डीसी या रॉक बँडचा 'बॅक इन ब्लॅक', डेफ लेपर्ड या रॉक बँडचे 'पायरोमेनिया' आणि 'हिस्टेरिया', गायिका शनाया ट्वेनचा 'कम ऑन ओव्हर', सगळ्यांमागे हा एकच माणूस. ब्रायन ॲडम्सचं १९९१ साली ब्रिटनमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या नंबरवर बसलेलं गाणंही त्याच्याच हाताखालचं.

माझं म्हणणं सरळ आहे. 'हिस्टेरिया'च्या बाराही गाण्यांवर गीतकार म्हणून बँडसोबत लँगचं नाव आहे आणि ते त्याच्या हक्काचं आहे. अल्बम जवळजवळ संपला होता. मधल्या सुट्टीत गायक जो एलियट गिटारवर काहीतरी छेडत बसला होता. त्याच्या लेखी तो नुसता चाळा होता. लँगने ते ऐकलं आणि यातच गाणं आहे हे ओळखलं. 'पोअर सम शुगर ऑन मी' असं जन्मलं. ज्याला असा कान आहे त्याला निव्वळ निर्माता म्हणणं मला पटत नाही.

ड्रमवाला:
कान मान्य. हातांचं काय?

मी कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचो. एकदा पैसे जमवून स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं. पंधरा दिवसांनी सीडी हातात आली तेव्हा माझा स्नेअर (सेटमधला मुख्य कडक आवाजाचा ड्रम) गायब. प्रत्येक ठोक्याच्या जागी कुठल्यातरी तयार सॅम्पलचा, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या आवाजाचा, ठोका चिकटवलेला, एकूण एक सारखा. शेवटच्या कडव्याआधी मी किंचित मागे रेलून वाजवलं होतं, मुद्दाम. तेही ओढून सरळ केलं होतं. नाव माझंच, पण त्यात मी नव्हतो. आईला ऐकवताना घशात आवंढा आला होता.

म्हणून 'हिस्टेरिया' ऐकताना मला आनंद होत नाही. ड्रमचे आवाज मशीनमधले. गिटारचा कॉर्डसुद्धा एकेक तार वेगळी वाजवून रचलेला. हे वाजवणं नव्हे, विटा रचणं आहे. आणि गीतकारांच्या त्या श्रेयनामावलीत बँडचा ड्रमर रिक ॲलनचं नाव नाही, हेही बघा.

काळी पाच:
एकेक तार वेगळी का, ते आधी समजून घ्या. डिस्टॉर्शनमधून (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणाऱ्या प्रक्रियेतून) तीन-चार सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे भलतेच सूर तयार होतात आणि कॉर्ड गढूळ होतो. प्रत्येक तार स्वतंत्र घेतली की डिस्टॉर्शनही राहतं आणि प्रत्येक सूर निवळशंख ऐकू येतो. हेडफोन लावून अल्बमच्या शीर्षकगीतातली गिटार ऐका. तानपुरा लावताना आपण एकेका तारेवर जीव काढतो, तेव्हा त्याला कोणी विटा रचणं म्हणत नाही.

आणि रिक ॲलनचा विषय काढलातच तर, ३१ डिसेंबर १९८४ च्या अपघातात त्याचा डावा हात गेला. बँडने दुसरा ड्रमर आणला नाही. पायाने वाजवता येतील अशी इलेक्ट्रॉनिक पॅडं बनवून घेऊन तो ऑगस्ट १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या रॉक महोत्सवाच्या मंचावर उभा राहिला. तुम्ही ज्या मशीनला नावं ठेवताय, त्याच जातीच्या यंत्राने त्याचा ठेका राखला.

मांडवीकाठ:
मध्येच बोलतो. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा या आमच्या गोंयकारांनी मुंबईच्या सिनेसंगीतात गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. गाणं उभं करणारे ते, पण नाव व्हायचं संगीतकाराचं. लँगला श्रेय मिळालं हे बघून मला बरंच वाटतं. वाद घालायचाच तर इतरांना का मिळालं नाही यावर घाला.

ड्रमवाला:
मांडवीकाठ, तुमचं दुखणं खरं आहे, पूर्ण मान्य. आणि रिकबद्दल बोलताना मी तोडून बोललो, ते शब्द मागे घेतो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही, कारण माझा साक्षीदार खुद्द लँगच आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट वारला. त्यानंतर काही आठवड्यांतच नवा गायक घेऊन एसी/डीसी बहामात 'बॅक इन ब्लॅक'ला बसले. गाणी त्यांची, गीतकारांत लँग नाही. अल्बमच्या सुरुवातीच्या घंटेसाठी इंग्लंडमधल्या लफबरोच्या मनोऱ्यातली घंटा घ्यायला गेले, तर पक्ष्यांच्या फडफडाटाने रेकॉर्डिंग बिघडलं. शेवटी ओतशाळेत जाऊन खरी घंटा वाजवून घेतली. त्या अल्बममध्ये दोन ठोक्यांमध्ये मोकळी हवा आहे. त्यांचा ड्रमर फिल रडचा हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) किती उघडतो, किती मिटतो, ते कळतं. ड्रमवर बसलेला माणूस दिसतो मला.

हे ज्याला जमत होतं, त्याने सात वर्षांनी ती हवा का काढून घेतली? 'हिस्टेरिया'ला तीन वर्षं लागली. तीन वर्षांत एकदा तरी पाचही जणांना एका खोलीत वाजवू द्यायचं होतं.

काळी पाच:
तसं केलं असतं तर तो 'बॅक इन ब्लॅक'च पुन्हा झाला असता, आणि तो आपल्याकडे आहेच. रात्री दोन्ही अल्बम पाठोपाठ लावतो. फिल रडच्या हाय-हॅटकडे मी आजवर लक्ष दिलं नव्हतं, ते आज देतो.