हात बसायला आठवडा पुरत नाही

सॉफ्टवेअरच्या अपडेटने बटणांच्या जागा बदलल्या की ‘नवीन रचनेला आठवडाभरात हात बसतो’ असं म्हणतात. हे म्हणणं डोळ्यांनी स्क्रीन पाहणाऱ्यांपुरतं ठीक आहे. बटण डावीकडून उजवीकडे गेलं तरी नजर फिरवली की सापडतं. स्क्रीन रीडरवर, म्हणजे न पाहता वापरणाऱ्याला स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, डावं-उजवं नसतंच, असतो तो क्रम: टॅब किती वेळा दाबायचा, पुढे कुठलं अक्षर. तो बोटांत मुरलेला असतो. मध्येच एक नवं बटण घुसलं की पुढचं सगळं एका घराने सरकतं. एका अपडेटनंतर मी सवयीने ‘जतन करा’ समजून ‘रद्द करा’ दाबलं आणि अर्ध्या दिवसाचं टंकन घालवलं. त्यात नव्या बटणांवर नुसती चित्रं, नाव दिलेलंच नाही. कानात फक्त ‘बटण, बटण, बटण’.

म्हणून काही बदलूच नये, असंही नाही. बदल करूनही जुनी सवय सांभाळता येते: ऑफिस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन (वरची बटणांची पट्टी) आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने जुन्या मेनूच्या कीबोर्डवरच्या बऱ्याच कळा चालू ठेवल्या. एक्सेलमध्ये ऑल्ट, ई, एस ओळीने दाबलं की ‘पेस्ट स्पेशल’ उघडतं, ‘एडिट’ मेनू कधीच गेला तरी! बोटांची वाट तीच राहिली. नियमांवर मात्र फार विसंबू नका. डब्ल्यूसीएजी, म्हणजे संकेतस्थळं अपंगांनाही वापरता यावीत यासाठीची मानकं, एकाच संकेतस्थळाच्या पानापानांत मेनूचा क्रम सारखा ठेवायला सांगतात. कालच्या आणि आजच्या आवृत्तीत तो सारखा हवा, अशी अट त्यांत नाही.