तव्यावरचा पांढरा मासा आणि घरचा सॉस : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, १ ऑगस्टला होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. दोन महिने सुकटीवर काढल्यावर घरात पहिलं पापलेट आलं की लाल मसाला आणि रवा हे आमच्याकडे ठरलेलं. यंदा लेकीने हट्ट धरला : मासा नुसत्या मिठावर तळू, चव सगळी सॉसमध्ये ठेवू. तसं केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पापलेटाची स्वतःची गोडी जिभेला कळली. सॉस म्हणजे नारळाचं दाट दूध, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची आणि चमचाभर आगळ (कोकमाचा आंबट रस). सोलकढीच म्हणा, पण दाट आणि कोमट. आगळ गॅस बंद करून घालायचं. पहिल्या खेपेला मी उकळीत ओतलं आणि दूध फाटलं.

तुम्ही कसा तळता, सोबत काय करता? बिघडलेलंही जरूर लिहा.

स्कॉटलंडहून

इथे रोजचा मासा म्हणजे हॅडॉक. पहिली दोन वर्षं मी त्याला पापलेटासारखंच वागवलं आणि दर वेळी उलटताना चुरा झाला. हॅडॉकच्या मांसाच्या पाकळ्या सैल असतात, पापलेटाचा घट्टपणा त्याला नाही. शेवटी शेजारच्या आजींनी ओट्याशी उभं करून शिकवलं. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचा, सुटलेलं पाणी कागदाने अगदी कोरडं टिपायचं. तेल चांगलं तापलं की कातडीची बाजू खाली. कातडी आकसून तुकडा वाकतो, म्हणून पहिलं अर्धं मिनिट उलथन्याने हलकं दाबून धरायचा. मग हात लावायचा नाही. कडेला बघत राहा : काचेसारखं मांस खालून पांढरं होत वर चढतं. पाऊण उंची गाठली की उलटायचं, आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम मिनिटभर. वेळ झालेली असेल तर कातडी आपणहून सुटते. चिकटली असेल तर अजून थांबायचं, खरवडायचं नाही.

सोबत टार्टर सॉस घरीच करते. अंड्याचा पिवळा बलक, मोहरीची पेस्ट, त्यात तेलाची बारीक धार. केपर्सऐवजी (म्हणजे खारवलेल्या आंबट कळ्या) आईने पाठवलेलं कैरीचं लोणचं बारीक चिरून घालते. तेल घाईने ओतलं की सॉस फुटतो. तेव्हा टाकून देऊ नका, दुसऱ्या वाटीत नवा बलक घ्या आणि फुटलेला सॉस त्यात थेंब थेंब फेटत जा, पुन्हा जमतो.

मालवणहून

माझं मत वेगळं. सकाळी किनाऱ्यावर घेतलेली मुडदुशी असेल तर सॉस कशाला? हळद, मीठ, तिखट, आगळ, वरून तांदळाचं पीठ आणि खोबरेल तेल. ताटात भात आणि वाटीत तिवळ, म्हणजे कोकमाचं सार. मासा शिळा असेल तर मात्र काहीही करा.

नागपूरहून

मालवणकरांचा हेवा वाटतो. आमच्याकडे फ्रोजन बासा. तव्यावर टाकला की पांढरं पाणी सुटायचं आणि मासा त्यातच शिजायचा, तळला कधी जायचाच नाही. आता रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवून वितळवतो, स्कॉटलंडची पद्धत वापरून टिपतो, आणि तव्यात एका वेळी दोनच तुकडे टाकतो. गर्दी केली की तवा गार पडतो. बासाला स्वतःची चव फारशी नाही, त्यामुळे सॉस झणझणीतच हवा. भाजलेला टोमॅटो, लसूण, वाळल्या मिरच्या, थोडा गूळ, सगळं वाटून परततो. परवा बाबांनी तो पोळीलाही लावून खाल्ला.

म्हापशाहून

आमच्या सासूबाई लाल मिरच्यांचा रेशाद मसाला विनेगरमध्येच वाटायच्या, पाण्याचा थेंब लागू द्यायच्या नाहीत. म्हणून तो फ्रीजमध्ये महिनाभर सहज टिकतो. रेशाद म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘भरलेलं’, पण मी तो नेहमीच भरत नाही. मासा काढून घेतल्यावर त्याच तव्यात कांदा परतते, चमचाभर रेशाद, शिंपडाभर विनेगर, आणि तळाशी लागलेली खरपूस खरवड काढून घेते. खरी चव त्या खरवडीत असते.

पालघरहून

एक विनंती. २०२३ मध्ये रुपेरी पापलेटाला राज्य मासा घोषित केलं, त्यामागे आमच्या सातपाटीच्या मच्छीमारांची मागणी होती. तळहातापेक्षा बारकी पापलेटं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. त्यांनी अजून अंडी घातलेली नसतात, आणि तव्यावर ती दोन मिनिटांत वाळून जातात.

त्याऐवजी जिताडा मिळतो का बघा. मी जाड तुकडे करून कातडीवर तळतो. कोथिंबीर, ओल्या लसणीची पात, मिरची आणि चिंचेचा कोळ वाटून सॉस करतो, तो शिजवत नाही. गरम माशावर कच्चाच ओततो. पातीचा वास उठतो तेव्हा पोरं हाक मारायच्या आत ताटावर येऊन बसतात.