मदत हवी आहे: माइनक्राफ्टमधलं गणित वहीत कसं उतरवायचं?

मुलगा सहावीत आहे, आम्ही नाशिकला. मे महिन्यापासून माइनक्राफ्टचं (ठोकळे रचून आपलं जग बांधायचा गेम) वेड लागलंय. शनिवार-रविवार मिळून तीन तास एवढीच मुभा आहे आणि ती बऱ्यापैकी पाळली जाते. त्यामुळे 'फोन काढून घ्या' हा सल्ला नको, तो सासरे रोज देतात.

अडचण वेगळीच आहे. या गेममध्ये नेदर नावाचं एक पाताळ आहे. तिथे एक ठोकळा पुढे गेलं की वरच्या जगात आठ ठोकळ्यांचं अंतर कापलं जातं. लेकाचं घर एका टोकाला आणि राजगड दुसऱ्या टोकाला. (दिवाळीत अंगणात मातीचा केला होता, तोच हट्टाने इथेही बांधलाय. तिन्ही माच्या, वर बालेकिल्ला.) मधे १,०४० ठोकळे. दरवेळी तंगडतोड कोण करणार, म्हणून साहेबांनी पाताळातून वाट काढायचं ठरवलं. मी शेजारी मेथी निवडत होते. "हजार चाळीस भागिले आठ... एकशे तीस," तोंडी! मोजून १३० वर दार उभं केलं आणि बाहेर पडला तो गडाच्या पाली दरवाजापाशी.

त्याच आठवड्यात चाचणीचा पेपर हातात आला. गुणोत्तर-प्रमाणात १० पैकी ३. प्रश्न होता: नकाशावर १ सेंमी म्हणजे ८ किमी, तर १०४ किमी अंतर नकाशावर किती? पठ्ठ्याने उत्तर लिहिलं ८३२ सेंमी. म्हणजे सव्वाआठ मीटर! हा नकाशा अंथरायला आमचा हॉल पुरायचा नाही.

मग खेळून तो नक्की काय शिकतोय? शिकतोय तर ते वहीपर्यंत का येत नाही? एका क्लासवाल्यांचा फोनही आला होता, गेमिंगने मेंदू तल्लख होतो, परदेशात सिद्ध झालंय म्हणे. फी १४ हजार.

प्रतिसाद १
१४ हजार वाचवा. परदेशातलं संशोधन आहे, पण ते काय आहे ते बघा. ग्रीन आणि बाव्हेलियर यांचा २००३ चा 'नेचर'मधला लेख बहुतेक सगळे पुढे करतात. त्यात मारधाडीचे वेगवान गेम खेळणाऱ्यांचं नजरेचं अवधान सुधारलेलं दिसलं, आणि तुलनेला टेट्रिस दिलेल्यांचं तसं सुधारलं नाही. म्हणजे कुठलाही गेम चालतो असं नाही. शिवाय ती कॉलेजच्या वयाची मुलं होती. त्यावरून सहावीतल्या मुलाचं गणित सुधारेल असं कसं म्हणणार? 'मेंदू तल्लख' म्हणून गेम विकणाऱ्या लुमोसिटीला अमेरिकेत अशाच दाव्यांपायी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले.

प्रतिसाद २
मी गणित शिकवते. तुमच्या लेकाला भागाकार येतो, प्रश्न ओळखता येत नाही. नेदरमध्ये त्याला आधीच ठाऊक असतं की पाताळातला आकडा लहानच येणार. नकाशाच्या प्रश्नात तसं काही डोळ्यांपुढे नसतं, मग '८' दिसला की केला गुणाकार. गेममध्ये चुकलं की दार भलतीकडे उघडतं, तिथल्या तिथे कळतं. पेपरात तीन आठवड्यांनी लाल रेघ.

घरी एवढंच करा. वहीत दोन रकाने आखा, 'नेदर' आणि 'वरचं जग'. त्याचेच आकडे भरायला लावा. मग खाली तेच रकाने 'नकाशा' आणि 'खरं अंतर' या नावाने. आकडेमोडीआधी एकच विचारा, उत्तर मोठं यायला हवं की लहान? आणि हे खेळ चालू असताना नको, नाहीतर त्या बिचाऱ्याचा खेळही शिकवणी होऊन बसेल.

प्रतिसाद ३
आमच्या लेकीने रेडस्टोनचा (गेममधली वीज वाहून नेणारी पूड) दिवा लावताना असंच काहीतरी केलं होतं. वीज १५ ठोकळ्यांपर्यंतच जाते, हिचा दिवा त्याच्याही बराच पुढे. अर्धा तास एकेक ठोकळा तपासत बसली, मग मधे रिपीटर, म्हणजे वीज पुन्हा जोरात पुढे पाठवणारा ठोकळा, टाकला. चिकाटी म्हणाल तर ती मला तिथे दिसली. पण एक विचारतो, राग मानू नका. त्या तीन तासांत दुसऱ्यांचे खेळाचे व्हिडिओ बघणंही मोजता का? आमच्याकडे ते मोजल्यावर खेळणं थोडं आणि बघणंच जास्त निघालं.

धागाकर्ती
नाही मोजत. 😐 जेवताना चालूच असतात. आता मोजते.

काल रात्री रकाने आखले. नेदरचे चार आकडे भराभर भरले. खाली 'नकाशा' लिहिल्यावर दोन मिनिटं गप्प, मग १३ लिहिलं आणि म्हणाला, "आई, नकाशा म्हणजे नेदरच की गं!" सासरे पेपर खाली ठेवून म्हणाले, "नेदर म्हणजे काय रे?" मग अर्धा तास आजोबांची शिकवणी.

मात्र १२ पेनांच्या किमतीवरून ५ पेनांची काढायला दिली तर पुन्हा गाडी अडकली. तिथे कुठलं पाताळ शोधू? आणि पुढे शेकडेवारी आहेच. त्यासाठी या गेममधलं काही सुचतंय का कुणाला?