घरातलं लहान कुत्रं गेलं तेव्हा... तुमच्या घरी काय झालं?

मृण्मयी_क
काल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, मागच्या गल्लीतल्या पिल्लांना पार्वो झालाय, लहान पिल्लू असेल तर खाली सोडू नका. वाचता वाचता आमटी उतू गेली, मला कळलंही नाही.

आमचा चिवडा पार्वोनेच गेला, पिल्लांना होणारा हा विषाणूचा जीवघेणा आजार. पिवळट अंगावर काळे ठिपके, म्हणून लेकाने चिवडा नाव ठेवलं. जेमतेम तीन महिन्यांचा. लसीचे दोन डोस झाले होते, तिसऱ्याची तारीख फ्रिजवर चिकटवलेली होती. आदल्या संध्याकाळी मोजा पळवून सगळ्यांना घरभर फिरवलं, आणि सकाळी दुधाला तोंड लावेना. मग पिवळा फेस, मग रक्ताची जुलाबं. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. डॉक्टरांनी समजावलं की आईच्या दुधातून मिळालेली ताकद पिल्लाच्या अंगात असेपर्यंत कधीकधी लस नीट लागू होत नाही, म्हणूनच चार महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा डोस देतात. आपल्या हातात होतं ते सगळं आपण केलं, हे कळूनही पोटातला पीळ सुटत नाही.

सासरे सलाईनची बाटली हातात धरून बसायचे. स्टँड होता, तरी हातात. म्हणायचे, थेंब भराभर पडले तर गार लागेल त्याला.

गेल्यावर लेकाने विचारलं, "आजी, याचं सुतक असतं का?" सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, "घरातलं गेलंय ना, मग आपण पाळायचं." दहा दिवस घरात गोड झालं नाही, देवापुढची साखरसुद्धा त्यांनी कुणाला वाटली नाही. शास्त्रात काय आहे मला माहीत नाही. पण त्या दहा दिवसांनी माझ्या मुलाला सावरलं. त्याच्या दुःखाला घरात जागा मिळाली.

तुमच्याकडे काय झालं? लिहा, कितीही जुनं असलं तरी.

ओतूरकर
राजा. वर्षाचा होता. बिबट्या.
आमच्याकडे जुन्नर भागात हे नवीन नाही, ऊस आहे तिथे बिबट्या आहे. पहाटे पंपाची लाईट आली म्हणून दादा मोटार चालू करायला निघाला, राजा नेहमीसारखा पुढे. आवाजसुद्धा आला नाही हो. आईने त्याची भाकरी बरेच दिवस थापली, कोण काही बोललं नाही. उरलेली गाईला घालायची. आता जे कुत्रं आहे त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आहे आणि अंधार पडला की ते पडवीच्या आत.

सई००७
वाचवत नाहीये. लोकलमध्ये आहे. नंतर लिहिते.

परदेशस्थ_सांगलीकर
मला तर सांगितलंच नव्हतं. माझी परीक्षा होती म्हणून. रोज व्हिडिओ कॉलवर "चिंगी कुठेय" विचारलं की बाबा म्हणायचे झोपलीय, खाली गेलीय. परीक्षा संपली त्या दिवशी आईने फोन केला आणि नुसती रडायला लागली. गोचीडताप. दीड वर्षाची होती. आधी वाटलं उन्हाळ्यामुळे खात नाहीये, मग हिरड्या पांढऱ्याफटक, प्लेटलेट उतरलेल्या. गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण फार झपाट्याने गेली.
मी आईबाबांवर खूप चिडले. नंतर कळलं की बाबा मला खोटं सांगून झालं की गच्चीवर जाऊन बसायचे. दोघांनी ते दोन वेळा सोसलं, एकदा ती गेली तेव्हा आणि एकदा रोज माझ्यासमोर.

मनीषा_ताई
@सांगलीकर, अगं रडवलंस. आईबाबांना फोन कर आज.

परदेशस्थ_सांगलीकर
केला ताई आत्ताच. बाबा म्हणतात तिकडे थंडी आहे का, स्वेटर घाल.

देशपांडे_नाशिक
सुतकाचं वाचून आमची आजी आठवली. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, रोडगे, कांद्याची पात असा नैवेद्य, आणि कुत्र्याला घास दिल्याशिवाय घरात कुणी ताटाला हात लावायचा नाही. त्या वर्षी आमचा भुऱ्या नुकताच गेला होता, घोणस चावली होती त्याला, नऊ-दहा महिन्यांचं पोर. आजी ताट घेऊन दारात उभी. "कोणाला देऊ रे आता?" शेवटी काका गल्लीतल्या कुत्रीला बोलावून घेऊन आला. ती भरीत खात होती आणि आजी पदराने डोळे पुसत तिला "सावकाश खा" म्हणत होती.
(मार्गशीर्षातलं भरीत म्हणजे काय असतं ते शहरात कळायचं नाही. जळगावची वांगी हवीत.)

खानदेशी_ठसका
जळगावच्या वांग्यांना अनुमोदन. बाकी धागा वाचून गप्पच बसलोय.

अभि_ठाणे
मला राग येतो तो एकाच वाक्याचा. "कुत्रंच होतं, दुसरं आण." आमची लाडू गेली, जन्मजात किडनीचं दुखणं निघालं, आठ महिन्यांची. ऑफिसात सांगितलं तर हेच ऐकलं. माझी बायको महिनाभर जेवताना टेबलाखाली पाय पसरत नव्हती, तिथे लाडू बसायची म्हणून. याला दुसरं आणून काय होणार? ज्यांना कळत नाही त्यांनी निदान गप्प राहावं. आमचा रिक्षावाला मात्र, तिला दवाखान्यात नेणारा, कळल्यावर घरी येऊन बसला. काही बोलला नाही. चहा घेतला आणि गेला. तो माणूस मी जन्मभर विसरणार नाही.

मनीषा_ताई
अभि, 🙏

सई००७
आले घरी. पण अभिचं वाचल्यावर माझं लिहायला हात उचलत नाहीये. एवढंच सांगते की आमच्या बाळ्याला कुठे न्यायचं हेच रात्री कळत नव्हतं. मुंबईत पुरायला जागा कुठे? अशा वेळी डोकं चालत नाही, म्हणून आधी माहिती असलेली बरी.

गिरगावकर
मालाडला महापालिकेची गॅसवर चालणारी दहनाची सोय आहे, 2023 पासून. आधी फोन करून वेळ विचारून जा. आजारी जनावरासाठी आमच्या वडिलांपासूनचा पत्ता एकच, परळचं बैलघोडा हॉस्पिटल.

ओंकार_सातारा
मृण्मयीताई, अवांतर विचारतो. आमचं पिल्लू पार्वोने मागच्या महिन्यात गेलं. धाकटी बहीण जेवत नाही धड. मामा त्यांच्याकडचं पिल्लू देतो म्हणतायत. आणू का? घर फिनाईलने तीनदा पुसलंय.

मृण्मयी_क
ओंकार, लहान पिल्लू आत्ता मुळीच नको. हा विषाणू मातीत, फटीत कित्येक महिने टिकतो, वर्षभरसुद्धा. आणि फिनाईलने तो मरत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी फरशी साबणाने स्वच्छ करायची, मग हे पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवायचं. भांडी, पट्टा, सगळं. अंथरूण टाकून दे. अंगणातल्या मातीवर ब्लीचचा फारसा उपयोग नाही, तिथे ऊन लागू दे. आणायचंच असेल तर सगळे डोस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं, तेही डॉक्टरांना विचारून. बहिणीला घाई करू नका. तिला बोलू दे त्याच्याबद्दल. नाव काय होतं?

ओंकार_सातारा
कंदी. पेढ्यावरून. बहिणीनेच ठेवलेलं. तिला हा धागा वाचायला देतो.

खानदेशी_ठसका
दे रे. आणि आमटीचं काय झालं शेवटी मृण्मयीताई?

मृण्मयी_क
अर्धी गेली, उरलेल्यात पाणी घालून वाढवली. लेक आता दहावीला आहे, त्याला मेसेज दाखवला. तो मागच्या गल्लीत पिल्लांना बघायला गेलाय, डॉक्टरांना घेऊन. आल्यावर लिहिते.