हीट पंप घ्यायचाय: तीन कोटेशन, तीन निराळी उत्तरं. सल्ला हवा

कौलारू

नमस्कार मंडळी,

आमचा गॅस बॉयलर आता थकलाय, आणि उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हा एकदाच काय ते करू, गरम आणि थंड दोन्ही भागेल असा हीट पंप बसवू, असं घरात ठरलं. तीन जण येऊन घर बघून गेले आणि तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या.

घर दुमजली, साधारण १४० चौरस मीटर. भिंतींत इन्सुलेशन नंतर भरून घेतलेलं, खिडक्या दुहेरी काचेच्या, माळ्यावरचं इन्सुलेशन जुनं. प्रत्येक खोलीत रेडिएटर. वाईटातल्या वाईट रात्री पारा उणे १२ पर्यंत उतरतो. उन्हाळ्यात ३५ पर्यंत चढतो आणि हवा दमट असते.

पहिल्याचं म्हणणं: बाहेर एकच मोठं युनिट, १४ किलोवॅटचं, आणि आत पाच खोल्यांत पाच इनडोअर. दुसरा म्हणतो, माळ्यावरून डक्ट, म्हणजे हवा नेणारी नळी, फिरवू, ११ किलोवॅट. तिसरा म्हणतो, रेडिएटर आहेत तेच ठेवा, पाणी तापवणारा ९ किलोवॅटचा पंप लावा, थंड करायचं नंतर बघू. तिघंही या धंद्यात मुरलेले वाटले, पण खिडक्यांना टेप एकानेही लावला नाही. पहिल्याने क्षेत्रफळ विचारलं आणि तिथल्या तिथे आकडा सांगितला.

आई तळमजल्यावर राहते, तिला थंडी अजिबात सोसत नाही. म्हणून विचारतो: उणे तापमानात हे यंत्र खरंच घर गरम ठेवतं का? आणि या तिघांपैकी कोणाचं ऐकू?

एक सवय कामी येईल कदाचित. थंडीत मी गॅसचं मीटर रोज लिहून ठेवतो. या हिवाळ्यातल्या सर्वांत गार दिवशी, म्हणजे दिवसाची सरासरी उणे ९ असताना, २४ तासांत १६ घनमीटर गॅस जळला. गरम पाणीही त्यातच आलं.

मापपट्टी

कौलारू, तुमच्या त्या मीटरच्या नोंदीला मी तिन्ही कोटेशनांपेक्षा जास्त किंमत देईन. घरांच्या उष्णताभाराची गणितं करणं हेच माझं काम आहे, आणि इतकी सरळ नोंद क्वचित कोणाच्या हाती असते. चला, त्याच नोंदीवरून हिशोब करू.

एक घनमीटर नैसर्गिक वायूत ढोबळमानाने साडेदहा किलोवॅट-तास ऊर्जा असते. १६ घनमीटर म्हणजे १६८. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घरात उतरली साधारण १४३. आंघोळीच्या आणि स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याचे ८ वजा केले की उरले १३५. त्याला २४ ने भागा: ५.६ किलोवॅट. उणे ९ ला तुमचं घर इतकी उष्णता बाहेर सोडतं, आणि तेवढीच त्याला परत द्यावी लागते.

आता उणे १२ चं बघू. आत २० अंश ठेवायचे तर उणे ९ ला फरक २९ अंशांचा, उणे १२ ला ३२ अंशांचा. भार या फरकाच्या प्रमाणात वाढतो. ५.६ चे झाले ६.२ किलोवॅट.

सहा पूर्णांक दोन. आणि तुम्हाला सांगितलंय १४.

यावर कोणी म्हणेल, मोठं घेतलेलं काय वाईट, हाताशी ताकद असलेली बरी. बॉयलरच्या बाबतीत हे एक वेळ खपून जायचं. हीट पंपाला ते बाधतं, कारण हिवाळ्याचा बराचसा काळ कडाक्याचा नसतोच. बाहेर १० अंश असताना याच घराचा भार जेमतेम २ किलोवॅट असतो, ऊन आत आलं तर त्याहूनही कमी. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी करू शकतो, पण त्यालाही एक तळ असतो. समजा त्या १४ किलोवॅटच्या यंत्राचा तळ ४ आहे. मग ते चालू होणार, पाच-सात मिनिटांत गरजेपेक्षा जास्त उष्णता ओतणार, बंद पडणार, पुन्हा चालू होणार, आणि हे दिवसभर. वीज वाया, कॉम्प्रेसरची झीज, खोलीचं तापमान सतत वरखाली.

उन्हाळ्यात तर आणखी वाईट. हवेतला ओलावा काढायचा तर थंड कॉइलवर तो जमून, ठिबकून, नळीतून बाहेर जायला वेळ लागतो. मोठं यंत्र हवा चटकन गार करतं आणि थांबतं. पंखा फिरत राहिला तर कॉइलवर साठलेलं पाणी पुन्हा हवेत जातं. खोली २४ अंशांवर आणि अंगावर चिकचिक, अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी यंत्राचा आकार विचारते.

पाच इनडोअरच्या योजनेत आणखी एक अडचण. नीट इन्सुलेशन असलेल्या झोपायच्या खोलीला कडक थंडीतही सातशे-आठशे वॅट पुरतात, आणि बाजारातलं लहानातलं इनडोअर युनिट असतं सुमारे २ किलोवॅटचं. रात्री तेवढं एकच चालू असेल तर बाहेरचं अवाढव्य यंत्र त्या एका खोलीसाठी घरघरत बसतं. शिवाय बऱ्याच मल्टी-स्प्लिटमध्ये, म्हणजे बाहेर एक आणि आत अनेक युनिट अशा रचनेत, बंद ठेवलेल्या इनडोअरमधूनही यंत्रातला थोडा गरम रेफ्रिजरंट (उष्णता वाहून नेणारा वायू) फिरत राहतो, म्हणजे नको त्या खोल्या तापतात. आणि साध्या मल्टीमध्ये आईच्या खोलीत गरम आणि वर गार असं एकाच वेळी होत नाही.

डक्टचं म्हणाल तर माझा आक्षेप डक्टला नाही, माळ्याला आहे. माळ्याचं इन्सुलेशन त्याच्या जमिनीवर पसरलेलं असेल तर डक्ट इन्सुलेशनच्या बाहेर पडतो. उन्हाळ्यात छताखाली ५० अंश, डक्टच्या आत १४ अंशांची हवा, मध्ये पातळ वेष्टन. जोड गळका निघाला तर गार हवा सरळ कौलांखाली. डक्ट जिन्याच्या किंवा बोळाच्या खोट्या छतातून, म्हणजे घराच्या उबदार भागातून नेता आला तर त्या पर्यायाचा जरूर विचार करा, पण ११ किलोवॅटचा नाही.

आता आईंसाठी तुम्ही विचारलंत ते. उणे १२ अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. प्रश्न इतकाच की तिच्याहून गार काहीतरी तिच्यासमोर धरता येतं का. आर-३२ हा रेफ्रिजरंट वातावरणाच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो, प्रोपेन म्हणजे आर-२९० उणे ४२ ला. दाब सांभाळून बाहेरच्या कॉइलमध्ये त्याला उणे २० ला उकळवलं की उणे १२ ची हवा त्याच्या मानाने गरमच ठरते आणि उष्णता आपसूक आत ओढली जाते. पुढे कॉम्प्रेसर दाब वाढवून तीच उष्णता वरच्या तापमानाला नेऊन सोडतो. तेव्हा यंत्र चालतंच, पण दोन गोष्टी घटतात. एक, त्याची एकूण ताकद. दोन, सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते ते. सौम्य हवेत ४ च्या घरात असलेला सीओपी उणे १० ला, पाणी ५० अंशांचं हवं असेल तर, २ ते अडीचवर येतो. साध्या विजेच्या हीटरचा तो कायम १ असतो.

म्हणून कोटेशनवरचा मोठ्या अक्षरातला आकडा बघू नका. तो बहुधा बाहेर ७ अंश असतानाचा असतो. डेटाशीट मागवा आणि त्यात उणे ७ आणि उणे १५ चे रकाने बघा. दोन्हींच्या मधला आकडा ६.२ च्या आसपास किंवा थोडा वर असेल तर यंत्र तुमच्या मापाचं. किमान ताकदीचा आकडाही त्याच कागदावर असतो, तो जितका खाली तितकं बरं.

माझा कल तिसऱ्याकडे आहे, थोडा बदल करून. पण आधी एक चाचणी करा. थंडी अजून आहे तोवर बॉयलरच्या पाण्याचं तापमान ४५ वर आणा, रेडिएटरचे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि दोन दिवस कोणत्या खोलीत किती अंश राहतात ते लिहा. निर्णय त्यावर करू.

निवांत

मापपट्टी यांच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडे हवा-ते-पाणी पंप, म्हणजे तिसरा सांगतोय तसा, आहे, घर समाधानकारक गरम राहतं. वापरणारा म्हणून थोडी भर घालतो.

बसवणाऱ्याने मदतीचा विजेचा हीटर बाहेर ५ अंश झाले की लागेल असा ठेवून दिला होता. घर छान ऊबदार, त्यामुळे कळायला मार्ग नाही, फक्त वीज भरमसाट. सेटिंग्ज चाळताना दिसलं, उणे ८ वर आणलं, आणि त्यानंतर तो हीटर क्वचितच लागलाय. काम सोपवून घेताना हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरं, बॉयलरसारखं रात्री बंद, सकाळी जोरात, असं याला चालत नाही. पाणी कोमट असतं, त्यामुळे थंड पडलेलं घर वर यायला अर्धा दिवस जातो. तापमान दिवसरात्र जवळपास सारखं ठेवलं की यंत्र संथ लयीत चालतं, आवाजही नसतो. वयस्कर माणसांना हे फार मानवतं. आमच्या बाबांचे गुडघे सकाळी आखडायचे ते बरंच कमी झालं.

तिसरं डिफ्रॉस्ट. ० ते ५ अंश आणि दमट हवा असली की बाहेरच्या कॉइलवर हिमाचा थर धरतो. यंत्र मग काही मिनिटं उलटं फिरून तो वितळवतं. पंखा थांबतो, वाफेचा लोट उठतो, खालून पाण्याची धार लागते. पहिल्यांदा बघाल तर आग लागली की काय वाटेल, पण ते नेहमीचंच आहे. ते पाणी कुठे जाणार हे मात्र आधीच ठरवा. पायवाटेवर गेलं तर रात्रीत तिथे काचेसारखा बर्फ होतो.

कौलारू

दोघांचे मनापासून आभार. मापपट्टी, तुमचं गणित मी पहिल्या इन्स्टॉलरला दाखवलं. तो म्हणाला, "कमी पडलं तर तुम्ही मलाच फोन कराल." त्याची बाजूही कळते, पण १४ आता नक्कीच घेणार नाही.

चाचणी केली. बाहेर उणे ३ होतं. ४५ च्या पाण्यावर सगळ्या खोल्या २० ला टिकल्या. परतीचं पाणी ३८ च्या आसपास. फक्त आईची खोली साडेअठराच्या वर जाईना. तिथला रेडिएटर एकेरी पत्र्याचा आहे, बाकी सगळे दुहेरी.

उणे १२ ला काय होईल? आणि याच रेडिएटरमधून उन्हाळ्यात गार पाणी सोडलं तर?

मापपट्टी

फार चांगला निकाल आहे हा. पुढचं नीट सांगते.

उणे ३ ला भार जितका, त्याच्या १.४ पट उणे १२ ला. रेडिएटरची उष्णता मात्र पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या साधारण १.३ व्या घाताने वाढते, म्हणून फरक १.४ पट करावा लागत नाही, १.३ पट पुरतो. तुमच्या पाण्याची सरासरी साडेएकेचाळीस, म्हणजे खोलीपेक्षा साडेएकवीस अंश जास्त. त्याचे अठ्ठावीस करा. जाणारं पाणी सुमारे ५२ अंशांचं लागेल, तेही वर्षातल्या मोजक्या रात्री. बाकी हिवाळा ३५ ते ४५ मध्ये निघून जाईल, फक्त बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलण्याची सोय चालू ठेवा. पाणी एक अंश कमी तापवलं की वीज दोन-अडीच टक्के वाचते, हे डोक्यात ठेवून त्या सोयीतला पाण्याच्या तापमानाचा आलेख हळूहळू खाली आणत राहा.

आईंच्या खोलीतला रेडिएटर बदला. लांबी-उंची तीच, पण दुहेरी पत्रा आणि मध्ये पंख असलेला. पाइप हलवायची गरज फारशी पडणार नाही. यंत्राच्या आधी हे काम उरका, आईंना याच थंडीत फरक कळेल. त्याच सुमारास माळ्यावरचं इन्सुलेशनही जाड करून घ्या. वरच्या मजल्याचा उन्हाळ्यातला ताप निम्मा तिथूनच येत असावा असा माझा अंदाज आहे, आणि भार ६.२ वरून अजून उतरेल.

रेडिएटरमधून गार पाणी मात्र नको. २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत दवबिंदू साडेसतरा अंशांच्या आसपास असतो. पाणी त्याखाली गेलं की रेडिएटर आणि भिंतीतले उघडे पाइप घामेजणार, भिंत ओली, मग बुरशी. त्यावर ठेवलं तर गारवा नावापुरता.

म्हणून गरम करायला उणे १० च्या आसपास साडेसहा-सात किलोवॅट देणारा पाण्याचा पंप. थंड करायला वरच्या मजल्यावर अडीच किलोवॅटच्या आसपासचा एक स्वतंत्र स्प्लिट, आणि हवा असल्यास आईंच्या खोलीत दुसरा लहान. हे स्प्लिटही हीट पंपच आहेत. मोठा पंप कधी बंद पडला तर आईंची खोली गरम राहील, तुमच्या घरी मला हा फायदा सगळ्यात मोलाचा वाटतो.

मोनोब्लॉक, म्हणजे रेफ्रिजरंटचं सगळं चक्र बाहेरच्याच पेटीत असलेला, आर-२९० वरचा घेतलात तर गरज पडल्यास ६५-७० अंशांचं पाणीही मिळतं. त्याचा हरितगृह परिणामही नगण्य, कार्बन डायऑक्साइडचा १ धरला तर आर-४१०ए या दुसऱ्या रेफ्रिजरंटचा गुणांक २०८८ आणि याचा ३ च्या आसपास. पण प्रोपेन ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड, म्हणून खिडकी, दार, गटाराचं तोंड आणि तळघराची जाळी यांपासून उत्पादकाने सांगितलेलं अंतर सोडावंच लागतं. मोनोब्लॉकमध्ये पाणी घराबाहेर फिरतं, तेव्हा थंडीत वीज गेली तर पाइप गोठतील. अँटिफ्रीझ किंवा गोठण्याआधी पाणी सोडून देणारे व्हॉल्व्ह, यांपैकी काय बसवणार ते तिसऱ्याला लेखी विचारा.

आणि बाहेरचं युनिट शेजाऱ्यांच्या किंवा आईंच्या खिडकीखाली नको, दोन भिंतींच्या कोपऱ्यातही नको, तिथे आवाज घुमतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बर्फ साठतो त्या उंचीच्या वर स्टँड, खाली खडीचा खड्डा म्हणजे निवांत म्हणतात तसा पायवाटेवर बर्फ होणार नाही.

डेटाशीट हाती आली की उणे ७ आणि उणे १५ चे आकडे इथे टाका, बघते.